दहा सेंटिमीटरची रेघ

सुनीतीच्या ब्लाउजचे हूक लावायला शशिकांत रिसबूड वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी शिकले. तीस वर्षं त्यांनी वेम्बलीकडच्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, नोकरीत रस्ते मोजले होते. खड्डा किती खोल, फुटपाथ किती रुंद, यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण ब्लाउजचा हूक ही चीज वेगळी. तो दिसतो एकीकडे आणि त्याचं घर असतं दुसरीकडे.

"अहो, एक घर सोडलंत," सुनीती म्हणाली. "खालून सुरू करा. किती वेळा सांगायचं?"

त्यांनी पुन्हा खालून सुरुवात केली. सुनीती हात दोन्ही बाजूंना जरा दूर धरून उभी होती, ओली मेंदी लावल्यासारखी. सकाळी तिच्या बोटांना कशाचाही स्पर्श नकोसा व्हायचा. पेरं सुजून तुकतुकीत झालेली असायची, मनगटं गरम लागायची. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरून उचलायची. नळ शशिकांत उघडत, टूथपेस्ट शशिकांत पिळत. अकराच्या सुमारास बोटं जरा सैल पडत, आणि मग सुनीती जगाला दिसायला तयार होई. जगाला अकरानंतरचीच सुनीती माहीत होती. अकराच्या आधीची फक्त शशिकांतांना.

दुखणं तीन वर्षांचं होतं. इथले डॉक्टर त्याला रूमॅटॉइड म्हणत. सुनीतीच्या आईनं आमवात म्हटलं असतं. शरीराचे पहारेकरीच वेडे होऊन स्वतःच्याच सांध्यांवर चालून जातात, असं नर्स ब्रिजिटनं त्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. दोन औषधं करून झाली. पहिल्यानं पोट बिघडलं, दुसऱ्यानं वर्षभर गंमत पाहिली. आता उरलं होतं ते नवं इंजेक्शन. त्यानं कितीतरी लोकांचे हात वाचले होते. पण ते महाग, म्हणून ते कुणाला द्यायचं याचा नियम होता. ब्रिजिट अठ्ठावीस सांधे दाबून बघायची, किती दुखतात, किती सुजलेत ते मोजायची, त्यात रक्ताच्या तपासणीचा आकडा घालायची, आणि शेवटी पेशंटपुढे एक कागद ठेवायची. कागदावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. डावं टोक म्हणजे काहीच त्रास नाही, शून्य. उजवं टोक म्हणजे शंभर. तुम्ही कुठे आहात तिथे खूण करा. या सगळ्याचं मिळून एक गणित. उत्तर पाच पूर्णांक एकच्या वर यायला हवं, तेही महिन्याच्या अंतरानं दोनदा. एकदा येऊन भागत नाही.

आकड्यावर इंजेक्शन ठरतं हे ऐकून शशिकांतांना बरंच वाटलं होतं. आकडा म्हणजे निदान वशिला नाही, लांबण नाही. त्यांनी ब्रिजिटकडून ते समीकरण मागून घेतलं होतं. त्यात वर्गमूळसुद्धा होतं.

पहिलं मोजमाप डिसेंबरात झालं, आणि तेही ठरवून नाही. एका सकाळी सुनीतीला पलंगावरून उठताच येईना. शशिकांतांनी घाबरून तिला गाऊनवरच कोट चढवला, पायात त्यांचे स्वतःचे मोठे मोजे घातले, आणि टॅक्सीनं हॉस्पिटलात नेलं. ब्रिजिटनं हात लावला की सुनीती कळवळत होती. आकडा आला पाच पूर्णांक आठ.

"आता एकदा," ब्रिजिट म्हणाली. "जानेवारीत एकदा असाच आला की झालं."

जानेवारीत काय झालं ते आठवलं की शशिकांत अजून चिडत.

वेळ दुपारी तीनची होती. सुनीती सकाळपासून तयारीला लागली. गाऊनवर हॉस्पिटलात नेल्याचं तिनं महिनाभर ऐकवलं होतं. "काय अवतारात नेलंत मला. नर्सला वाटलं असेल, हिच्याकडे धड कपडे नाहीत." तेव्हा या वेळी इरकली, वर मरून रंगाचा स्वेटर, कानात कुड्या. केस शेजारणीकडून, रोसाल्बाकडून, विंचरून घेतले. दुखण्याच्या गोळ्या ती एरवी घेत नसे, पोटाला लागतात म्हणून. त्या दिवशी एक वाजता दोन घेतल्या.

"आज का?" शशिकांतांनी विचारलं.

"तिथे जाऊन का कण्हत बसू? त्यांना कामं असतात."

आणि तिथे जाऊन ती हसत बसली. ब्रिजिटनं बोटाचं पेर दाबलं. "दुखतं?" "नो, नो." मनगट. "इथे?" "लिटल. नॉट मच." कोपर, खांदा, गुडघा. शशिकांत खुर्चीत बसून बघत होते. सकाळी याच मनगटाला टॉवेल लागला तर ती ओरडली होती. त्यांनी तोंड उघडलं, "अ‍ॅक्च्युअली, सिस्टर..." आणि सुनीतीनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की तोंड आपोआप मिटलं. मग ब्रिजिटनं रेघेचा कागद पुढे केला. सुनीतीनं पेन घेतलं, थोडा विचार केला, आणि डावीकडे, तिसऱ्या हिश्शाच्या जरा पुढे, नीट उभी खूण केली.

आकडा आला चार पूर्णांक सात.

ब्रिजिट आयर्लंडकडची, साठीला आलेली, पोलादी चष्म्याची बाई. तिनं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा इरकलीकडे. "मिसेस रिसबूड," ती म्हणाली, "डिसेंबरात पाहिलेली बाई तुम्हीच ना? नियमानं मला सहा महिने थांबायला हवं. पण मी फेब्रुवारीत तुम्हाला एकदा घुसवते. त्यात आला तर आला."

फेब्रुवारीत नाही आला, तर पुढचे सहा महिने म्हणजे ऑगस्ट. डाव्या हाताची दोन बोटं आताच बाहेरच्या बाजूला कलायला लागली होती. एकदा वाकलेलं बोट इंजेक्शननं सरळ होत नाही. इंजेक्शन फक्त पुढचं थांबवतं. हे ब्रिजिटनं दोघांना सांगितलं होतं. उजवा हात अजून शाबूत होता. याच हातानं सुनीती दर शनिवारी वेम्बलीच्या मराठी वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासत असे, एकवीस वर्षं.

परतीच्या बसमध्ये चौथ्या स्टॉपला शशिकांत म्हणाले, "नो, नो?"

"हळू बोला."

"मराठीत बोलतोय. सकाळी टॉवेल लागला तर ओरडलीस."

"सकाळची गोष्ट वेगळी. तिनं आत्ता विचारलं, आत्ता दुखत नव्हतं तेवढं."

"दोन गोळ्या घेतल्यावर कसं दुखेल?"

"कुणी कशी आहेस विचारलं तर बरी आहे म्हणावं. रीत आहे ती. समोरच्याच्या डोक्यावर आपलं दुखणं का ओतायचं?"

"अगं, ती नर्स आहे. दुखणं डोक्यावर ओतून घ्यायचा तिला पगार मिळतो."

सुनीतीनं खिडकीबाहेर पाहिलं. लांबून स्टेडियमची नवी कमान दिसत होती. तेही कधीपासून पुरं होत नव्हतं. "खोटं नाही बोलले मी काही," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

रोसाल्बा वरच्या मजल्यावर राहायची. कोलंबियाची, पंचावन्न-छप्पन्नची, पहाटे ऑफिसं साफ करायला जाणारी. तिलाही हेच दुखणं होतं, आणि तिला इंजेक्शन लागू होऊन आठ महिने झाले होते. सुनीती तिला रोसाबाई म्हणे, आणि ती सुनीतीला सेन्योरा. दोघींचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, पण शशिकांतांनी पाहिलं होतं, की दोन अस्सल इंग्रजांपेक्षा त्या दोघी एकमेकींना जास्त समजत.

चार पूर्णांक सात ऐकून रोसाल्बा हसायलाच लागली.

"माझं तीन पूर्णांक नऊ होतं," ती म्हणाली.

"तुझं?" शशिकांत म्हणाले. "तुला तर इंजेक्शन मिळालं."

"ते दुसऱ्या हॉस्पिटलात. आधी मी नदीपलीकडे राहायची ना, तिथल्या हॉस्पिटलात माझी भावजय यायची दुभाष्याचं करायला. मी दहा वाक्यं बोलायची. पहाटे बादली उचलताना बोटं उघडत नाहीत, जिना बसून उतरते, सगळं. आणि भावजय डॉक्टरला सांगायची, 'पेन, यस.' एवढंच. तिला लाज वाटायची, आणि कामावर परत जायचं असायचं. मग मी इकडे आले. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात स्पॅनिश बोलणारी बाई ठेवलीय. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, सकाळी उठल्यावर काय होतं? बस. मी अर्धा तास बोलले. सहा पूर्णांक तीन."

"किती दिवसांत?"

"तीन आठवडे. तेच हात. तीच मी." तिनं आपले हात उलटसुलट करून दाखवले. "आणि ऐका. मागच्या महिन्यात एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आला. म्हणाला, आम्ही अभ्यास करतोय. स्पॅनिश बोलणारे पेशंट दोन्ही हॉस्पिटलांत आहेत, पण तिकडच्यांचं दुखणं सौम्य दिसतं आणि इकडच्यांचं जोरात. असं का असेल? खाण्यात काही फरक? घरात दमट आहे का? मी म्हटलं, डॉक्टर, आम्ही सगळे एकाच बसनं येतो. तिकडे दुपारी इंग्रजीत विचारतात, इकडे सकाळी स्पॅनिशमध्ये विचारतात."

"मग त्यानं काय केलं?"

"लिहून घेतलं. खाली 'इतर' असा रकाना होता, त्यात."

शशिकांतांनी कपाळाला हात लावला. आकड्याला वशिला नसतो, असं आपण किती भोळेपणानं म्हणत होतो. मापपट्टी तीच, पण धरणारे हात निराळे, वेळ निराळी, तर रस्ता लांबीला कमीजास्त भरतोय, आणि हे लोक डांबरात दोष शोधतायत.

"तू रेघेवर किती लावले होतेस, रोसाबाई?" सुनीतीनं विचारलं.

"ब्याण्णव."

सुनीतीच्या भुवया वर गेल्या. "ब्याण्णव," ती मराठीत शशिकांतांना म्हणाली. "उदार आहे बाई. त्यांच्याकडे सढळ हातानं देत असतील."

त्या वाक्यात काहीतरी होतं, पण शशिकांत इतके चिडलेले होते की त्यांचं तिकडे लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तयारी करून घ्यायला सुरुवात केली. हॉस्पिटलला फोन करून तीनची वेळ बदलून सकाळची नऊ वीसची मागितली. यात चार फोन गेले. पहिला प्रसूती विभागात लागला, दुसऱ्यात वीस मिनिटं बासरी ऐकली, तिसऱ्यात एका मुलानं वेळ बदलून दिली, ती डोळ्यांच्या डॉक्टरची. चौथ्यात जमलं. मग त्यांनी पांढऱ्या कागदावर पट्टीनं दहा सेंटिमीटरची रेघ आखली आणि सकाळी साडेसातला, सुनीतीच्या हातात चहाचा कप द्यायच्या आधी, तिच्यासमोर ठेवली.

"खूण कर."

"सकाळी सकाळी हे काय?"

"कर म्हटलं ना."

तिनं कुरकुरत खूण केली. त्यांनी पट्टी लावली. पस्तीस मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी नवी रेघ. पस्तीस. रविवारी थंडी वाढली होती, बोटं जास्तच सुजली होती, हूक लावताना ती डोळे मिटून उभी होती. त्यांना वाटलं, आज तरी. खूण केली, पट्टी लावली. पस्तीस. अंदाजानं केलेली खूण तीनदा बरोबर पस्तिसावर. कौन्सिलमध्ये त्यांच्या हाताखालच्या माणसानं असं माप आणलं असतं, तर त्यांनी त्याला विचारलं असतं, बाबा रे, तू मोजायला गेला तरी होतास का.

"सुनीती, काल आणि आज सारखंच दुखतंय का?"

"आज जास्त आहे."

"मग खूण तिथेच कशी?"

"बरोबर आहे ती," सुनीती म्हणाली. आणि चहासाठी दोन्ही तळवे पुढे केले. शशिकांतांनी पट्टी टेबलावर आपटली. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी आपटलेली ही दुसरीच वस्तू.

शनिवारी ते तिच्याबरोबर वर्गाला गेले. हल्ली वह्यांची पिशवी तेच उचलत. हॉल भाड्याचा, आधीच्या योगवर्गाच्या उदबत्तीचा वास राहिलेला. चौदा मुलं. सुनीती खुर्चीत बसून एकेकाला बोलवायची, वही मांडीवर घ्यायची, आणि लाल पेनानं हळूहळू तपासायची. पेनाला शशिकांतांनी स्पंजची जाड नळी चढवून दिली होती, तरी तिच्या ओठांची घडी त्यांना दुरून दिसत होती. शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसून ते वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे वाचत नव्हते.

ईशिता नावाची नऊ वर्षांची मुलगी वही घेऊन गेली. 'आमचा मांजर' असा निबंध तिनं लिहिला होता, पानभर, न अडखळता. सुनीतीनं 'आमचा'चं 'आमचं' केलं, आणखी चार ठिकाणी लाल केलं, आणि खाली मार्क दिले.

"आजी, फक्त पाच?" ईशिता म्हणाली. "आउट ऑफ टेन?"

"पाच म्हणजे चांगले आहेत. खूप छान लिहिलंयस. मांजर शेजाऱ्यांच्या बुटात झोपतं ते मला फार आवडलं."

"मग टेन का नाही दिला?"

"दहापैकी दहा कुणालाच नसतात, बाळा."

"कधीच नाही? व्हॉट इज द पॉइंट ऑफ टेन, देन?"

"दहा आहेत ते वर बघायला. मी एकवीस वर्षांत एकाला सात दिले. आणि साडेतीन पडले तरी पास."

वर्तमानपत्र शशिकांतांच्या हातात तसंच राहिलं.

साडेतीन. दहापैकी साडेतीन. शंभरपैकी पस्तीस.

सांगलीच्या शाळेत सुनीतीनं सात वर्षं मराठी शिकवलं होतं. पस्तिसाला पास, साठाला फर्स्ट क्लास, निबंधाला कधी निम्म्याच्या फार वर जायचं नाही. तिच्या हाताखालून गेलेली पोरं बोर्डात कमी मार्कांना कधी घाबरली नाहीत, कारण तिच्याकडून त्यांना कधी जास्त मिळालेच नव्हते. ती बाई इथे येऊन स्वतःच्या दुखण्याचा पेपर तपासत होती, आणि ताठ मानेनं, कसलाही पक्षपात न करता, त्याला काठावर पास करत होती.

घरी पोचेपर्यंत त्यांनी दम धरला. कोटसुद्धा न काढता विचारलं, "त्या रेघेवर शंभर म्हणजे काय, सुनीती?"

"शंभर म्हणजे शंभर."

"ते कुणाचे?"

ती खुर्चीत टेकली. "माझ्या मोठ्या काकूंचे असते. नऊ वर्षं अंथरुणात होत्या. हात असे मिटलेले, की नखं तळव्यात रुतायची. घास भरवायला लागायचा. त्यांचे म्हटलं तरी मी पंचाण्णव देईन. त्या ओरडायच्या नाहीत."

"आणि तुझे पस्तीस."

"पस्तीस म्हणजे पास. दुखणं आहे, हे मान्य करण्याइतकं आहे. मी काही नापास नाही केलं त्याला."

शशिकांतांना हसावं की पट्टी पुन्हा आपटावी कळेना. "अगं बाई, ही परीक्षा नाही. इथे मार्क जास्त पडले तर कुणी तुला पेढे वाटायला लावणार नाही."

"म्हणून काय उगाच वाढवून द्यायचे? उद्या रोसाबाईसारखे ब्याण्णव लावते. मग काकूंना कुठे बसवू? रेघेच्या बाहेर?"

"काकू जाऊन तीस वर्षं झाली. त्यांना इंजेक्शन नकोय."

"खोटं लिहायला सांगू नका मला," सुनीती म्हणाली, आणि तिचा आवाज असा लागला की शशिकांत थांबले. "मुलांना मी काय शिकवते? जेवढं आलं तेवढंच मिळतं. स्वतःच्या वेळी मी हात सैल सोडू?"

शशिकांतांनी कोट काढून खुंटीला लावला. तिचं म्हणणं चूक होतं, पण ते नेमकं कुठे चूक होतं हे तिच्या भाषेत सांगता येईना. त्यांची भाषा फुटांची आणि इंचांची. त्या रात्री आणि पुढचे दहा दिवस त्यांनी रेघ आखली नाही.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी नऊ वीसची वेळ गाठायला सहाला उठावं लागलं. गोळ्यांची डबी शशिकांतांनी तिच्यासमोरच ठेवली. "रोज घेत असशील तर घे."

"रोज नाही घेत."

"मग?"

तिनं डबी परत सरकवली. साडी मात्र नेसलीच. साधी, पण नेसली. हूक लावताना त्यांचा हात तिच्या बोटाला लागला आणि तिनं श्वास आत ओढला. "तिथे तुम्ही बोलायचं नाही," ती म्हणाली. "पालकांना परीक्षेच्या हॉलमध्ये बसू देतायत, तेच खूप."

ब्रिजिटनं सांधे दाबायला घेतले. सकाळ होती, गोळी नव्हती. पहिल्याच पेराला सुनीतीचे डोळे बारीक झाले. "येस," ती म्हणाली. पुढच्याला "लिटल." पुढच्याला "नो", तेही स्पष्ट खोटं. शशिकांतांनी बोटांवर मोजलं. सहा. सहाच कबूल केले तिनं. समीकरण त्यांना पाठ होतं. रक्ताचा आकडा ब्रिजिटच्या कागदावर उलटा वाचता येत होता. पस्तिसावर खूण झाली तर उत्तर पाचच्या अलीकडे अडकत होतं. म्हणजे ऑगस्ट.

ब्रिजिटनं रेघेचा कागद ठेवला. सुनीतीनं पेन उचललं. ते हॉस्पिटलचं बारीक पेन, स्पंज नसलेलं. तिच्या बोटांतून ते निसटलं. पुन्हा उचललं, पुन्हा निसटून टेबलाखाली गेलं. शशिकांतांनी वाकून काढलं आणि तिच्यापुढे धरलं. तिनं घेतलं नाही. ती पेनाकडे बघत होती.

"सिस्टर," ती इंग्रजीत म्हणाली, "शाळेत स्वतःच्या मुलाचा पेपर तपासायला देत नाहीत. मी शिक्षिका आहे. माझ्या नवऱ्यानं खूण केली तर चालेल?"

ब्रिजिटनं चष्म्यावरून पाहिलं. "नाही चालत, मिसेस रिसबूड. खूण पेशंटचीच लागते. नियम आहे."

शशिकांतांनी छताकडे पाहिलं. नियम.

"का देत नाहीत?" ब्रिजिटनं सहज विचारलं. "लाड करतील म्हणून?"

"लाड करतील म्हणून," सुनीती म्हणाली, आणि थांबली. मग हळू म्हणाली, "नाहीतर उलटंही होतं. लोक काय म्हणतील म्हणून आई स्वतःच्या पोराचे मार्क कापते. माझी आई माझ्याच शाळेत शिकवायची, तिनं कापले होते माझे. गणितात." ती शशिकांतांकडे वळली, आणि मराठीत म्हणाली, "अहो, तुम्ही बोला."

"तूच म्हणालीस, बोलायचं नाही."

"आकडा सांगू नका. पेपरात काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा."

शशिकांत खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी आज सकाळपासून सुरुवात केली. सहाला उठलीस ती कोपरांवर रेलून. न्हाणीघराच्या दाराची मूठ तुला फिरवता आली नाही, मला हाक मारलीस. दात मी पेस्ट दिल्यावर घासलेस, ब्रश मुठीत धरून. केस रोसाबाईनं कामावरून आल्या आल्या विंचरले. हूक मी लावले, पाच, तिसऱ्याला तू डोळे मिटलेस. चहा अर्धा सांडला, तो तू माझ्या नकळत पदरानं पुसलास. बसमध्ये तू दांडीला धरलं नाहीस, मला धरलंस. काल असंच. परवा असंच. दिवाळीपासून असंच आहे. ते कुठे थांबले नाहीत आणि आवाजही चढवला नाही; रस्त्याचं माप वाचून दाखवावं तसं वाचलं. ब्रिजिटला शब्द कळत नव्हते. तिनं घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

सुनीती ऐकत होती, मान जरा कलती करून. वर्गात मूल मोठ्यानं वाचत असताना ती ऐकायची तशी.

"चहाचं बघितलंत तुम्ही?" ती म्हणाली.

"बघितलं."

तिनं पेन घेतलं. लहान पोर खडू धरतं तसं, मुठीत. कागद डाव्या कोपरानं दाबून धरला, पेनाचं टोक रेघेवर टेकवलं, पस्तिसाच्या जागी. टोक तिथे थोडा वेळ थांबलं. मग कागदावरून सरकत निघालं, पन्नासाच्या पुढे गेलं, साठाशी जरा अडखळलं, आणि आणखी थोडं पुढे जाऊन थांबलं. खूण वाकडी आली. तिला ती आवडली नाही, हे त्यांना चेहऱ्यावरून कळलं.

पट्टी लावायची गरज नव्हती. तीस वर्षांची नजर होती. अडुसष्ट.

ब्रिजिटनं मापलं, आकडे यंत्रात घातले. "पाच पूर्णांक चार," ती म्हणाली, आणि कागदावर सही केली. "आजच पाठवते. पहिलं इंजेक्शन एप्रिलच्या आत होईल."

शशिकांतांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला. "अडुसष्ट," ते मराठीत म्हणाले. "फर्स्ट क्लास दिलास."

"डिस्टिंक्शन नाही दिलं," सुनीती म्हणाली. "पंचाहत्तर लागतात त्याला. काकूंच्या खाली सत्तावीस आहेत अजून."

दोघं उठले तशी ब्रिजिट दारापर्यंत आली. तिनं सुनीतीच्या दंडाला हळूच हात लावून विचारलं, "घरी नीट जाल ना? कसं वाटतंय आता?"

"आय अ‍ॅम फाइन, सिस्टर," सुनीती हसून म्हणाली. "थँक यू. व्हेरी फाइन."

शशिकांतांनी डोळे मिटले. ब्रिजिट दार लावून आत जाईपर्यंत सुनीती तशीच हसत उभी राहिली, आणि दार लागल्यावर कोटाच्या दोन्ही कडा त्यांच्यापुढे केल्या.

"लावा," ती म्हणाली. "खालून सुरू करा."